मरणाच्या जागा पाहण्यास जावे काय?



धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांना आता प्रवासाची ऐपत येऊ लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वतनाच्या कामापायी गाव सोडता येत नव्हते, त्यांची नातवंडे आज बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर पाहून येतात. काही जण तर थायलंड-कंबोडियापर्यंत जातात. या परदेशच्या सहलींत अंगकोरच्या मंदिरांबरोबर आणखी एक नाव पुष्कळदा असते. ते म्हणजे चोएंग एक. कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह, तेथून सुमारे १५ किलोमीटरवर ही जागा आहे. तेथे काचेच्या भिंतींचा एक उंच स्तूप आहे व त्यात माणसांच्या पाच हजारांवर कवट्या थरांवर थर रचून ठेवल्या आहेत. सहलीची बस सकाळी तेथे थांबते आणि दुपारी बाजारात थांबते. परत आलेली मंडळी मोबाईलवर फोटो दाखवतात, तेव्हा बुद्धमूर्ती, हत्ती, कवट्या, रेशमी कापडाचे दुकान हे सारे एकापाठोपाठ एक सरकत जाते.

या प्रकाराला पाश्चात्य अभ्यासकांनी १९९६ साली एक नाव दिले. मराठीत त्याला काळे पर्यटन म्हणता येईल. कबरस्ताने, वधस्थाने, तुरुंग, छळछावण्या पाहण्यासाठी जगभर लाखो लोक पैसे खर्च करून जातात. तेव्हा आपल्यासमोर प्रश्न उभा राहतो तो असा, की मरणाच्या जागा पाहण्यास बौद्धाने जावे काय? गेल्यास तेथे काय पाहावे? मुलांना बरोबर न्यावे काय?

या प्रश्नाकडे आपण दोन वेगळ्या मनांनी पाहत असतो. एक मन जुन्या धर्माने घडवलेले आहे. स्मशान म्हणजे विटाळ, भूतखेत, अमावस्या. बायकांनी तेथे जाऊ नये, पोरांनी तिकडे बोटसुद्धा दाखवू नये, आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकू नये. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण घेतली. तरी ही भीती अनेक घरांत कोपऱ्यात बसून राहिली आहे. दुसरे मन अलीकडचे आहे. त्याला सर्व काही पाहायचे असते आणि पाहिल्याचा पुरावा खिशात घालून आणायचा असतो. पहिले मन स्मशानापासून पळते, दुसरे तिकडे धाव घेते. दोघांनाही मेलेल्या माणसाशी फारसे कर्तव्य नसते.

वस्तुतः स्मशान ही आपल्याला नवलाची जागा असू नये. गावात कोणी मेले म्हणजे परगावी सांगावा घेऊन पायी कोण जात असे? सरणाची लाकडे कोण वाहत असे? मढ्यावरचे कापड हा कोणाचा हक्क म्हणून सांगितला जात असे? मुंबई राज्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा केला, तोवर ही कामे आपल्या वाडवडिलांच्या मानेवर होती. दुसऱ्यांचे मरण त्यांनी वाहिले, मात्र स्वतःच्या माणसाला त्याच स्मशानात जाळण्याची मुभा त्यांना नव्हती. आजही कित्येक गावांत जातीप्रमाणे स्मशाने वेगळी आहेत, हे तुम्हास ठाऊक आहे.

काशीच्या मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर प्रेते जाळण्याचे काम आजही डोम समाजाचे लोक करतात. समोर गंगेत नावा थांबतात. नावांतून देशी-विदेशी प्रवासी चितांकडे पाहत बसलेले असतात. जळत्या प्रेताचे फोटो काढू नयेत असा तेथील रिवाज आहे व तो पुष्कळदा मोडला जातो. प्रवासी घरी जाऊन सांगतो की मला तेथे मृत्यूचे दर्शन झाले. परंतु त्याच्या डोळ्यांसमोर राखेत उभा राहून एक जिवंत माणूस बांबूने सरण सारखे करीत होता, तो त्याला दिसला नाही. हे काम याच जातीच्या वाट्याला का आले, रोजच्या धुराने त्याच्या छातीचे काय झाले असेल, त्याची मुले शाळेत जातात की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्याच्या मनात आली नाही. तो तत्त्वज्ञान पाहण्यास आला होता.

आता कोणी म्हणेल, तथागतांनीच भिक्खूंना स्मशानात जाण्यास सांगितले आहे. ते खरे आहे. सतिपट्ठान सुत्तात टाकून दिलेल्या प्रेताच्या एकेक अवस्था सांगितल्या आहेत. एक दिवसाचे प्रेत, सुजलेले प्रेत, पशुपक्ष्यांनी फाडलेले प्रेत, नंतर नुसता सांगाडा आणि शेवटी चुरा झालेली हाडे. प्रत्येक अवस्थेपाशी भिक्खूने स्वतःच्या देहाकडे वळावे, हाही देह असाच व्हावयाचा आहे असे जाणावे, असा उपदेश आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात याचे नियम सविस्तर दिले. प्रेतावर ध्यान करण्यास जाणाऱ्याने संघातील थेराला सांगून जावे. प्रेताच्या फार जवळ उभे राहू नये, फार दूरही राहू नये. किती व्यवहारी नियम आहेत पाहा! न सांगता गेल्यास आणि तेवढ्यात एखादा चोर चोरीचा माल तेथे टाकून पळाल्यास भिक्खूवर आळ येईल, इथपर्यंत आचार्यांनी विचार केला आहे. स्मशानात हौसेने जायचे नाही, शिस्तीने जायचे, हा त्यातला अर्थ.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदांना चार स्थळे सांगितली. जन्माचे, बोधीचे, पहिल्या प्रवचनाचे आणि महापरिनिर्वाणाचे. श्रद्धावान माणसाने ती पाहावीत, कारण ती पाहून संवेग उत्पन्न होतो. हा संवेग शब्द आपण नीट समजून घेतला पाहिजे. संवेग म्हणजे कुतूहल नव्हे, रडू येणेही नव्हे. मन मुळापासून हलणे आणि त्या हलण्यामुळे माणसाने काही करायला लागणे, याला संवेग म्हणतात. कुशीनगरला महापरिनिर्वाण विहारातील पहुडलेल्या मूर्तीसमोर वा रामाभार स्तूपापाशी, जेथे तथागतांच्या देहाला अग्नी दिला असे मानतात तेथे, जाणाऱ्याला हे कळावे अशी अपेक्षा आहे.

तथापि नुसते पाहिल्याने संवेग येतोच असे नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहरात बेवारस प्रेते ओळख पटवण्यासाठी काचेमागे मांडून ठेवीत असत. ओळख पटवणारे थोडे आणि बघे हजारो, अशी तेथे स्थिती होती. बायकामुलांसह कुटुंबे येत. प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत त्या जागेचे नाव असे. शेवटी १९०७ साली ती लोकांना बंद करण्यात आली. इतकी वर्षे इतक्या लोकांनी प्रेते पाहिली, पण त्यामुळे पॅरिसचे लोक विरागी झाल्याचे कोणी नोंदवलेले नाही.

येथे बाबासाहेबांचा एक विचार आपल्याला उपयोगी पडतो. सिद्धार्थ गौतमाने म्हातारा, रोगी व प्रेत पाहिले आणि त्यामुळे गृहत्याग केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाबासाहेबांना ती मान्य नव्हती. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी हा प्रश्न घेतला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर वृद्ध, आजारी वा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला कसे पटावे? त्यांच्या मांडणीप्रमाणे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा पेटला, शाक्यांनी युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला व त्यासाठी परिव्रज्या पत्करली. म्हणजे काय? जे मरण सर्वांना येणारच आहे त्याला पाहून तो घराबाहेर पडला नाही. जे मरण माणसे माणसांवर लादणार होती, आणि जे टाळता येण्यासारखे होते, त्याच्यामुळे तो बाहेर पडला.

मरणाच्या जागांविषयी विचार करताना हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणाने वा रोगाने मेलेल्या माणसाच्या प्रेताकडे पाहून अनित्यतेचे चिंतन करणे योग्य आहे. परंतु चोएंग एक येथील कवट्या म्हाताऱ्या होऊन मेलेल्या माणसांच्या नाहीत.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज नावाच्या पक्षाच्या फौजा नॉमपेन्हमध्ये शिरल्या. थोड्याच दिवसांत सारे शहर रिकामे करून लोकांना शेतांवर हाकण्यात आले. चलन बंद, शाळा बंद, बाजार बंद, धर्म बंद. भिक्खूंची चीवरे उतरवण्यात आली, विहारांची कोठारे व तुरुंग झाले. खेड्यातले ते जुने लोक आणि शहरातून आणलेले ते नवे लोक, अशी माणसांची वाटणी झाली, आणि ज्याच्यावर नवा असा शिक्का बसला त्याच्या अन्नाला, जिवाला किंमत उरली नाही. शत्रू ठरलेल्या माणसाची बायको-मुलेही शत्रूच धरली जात, कारण मूल मोठे होऊन सूड घेईल. दोष माणसाच्या जन्मालाच चिकटवून टाकायचा, ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली, तोवर उपासमार, रोग, कष्ट आणि कत्तल यांनी सतरा ते वीस लाख माणसे मेली होती.

नॉमपेन्हमधील तुओल स्लेंग ही मुळात शाळा. तिचा तुरुंग केला गेला. चौदा हजारांहून अधिक कैदी त्यात गेले आणि जिवंत सुटले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांना रात्री ट्रकमध्ये घालून चोएंग एकला नेत. गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून लोखंडी कांबी, कुदळी, काठ्या यांनी मारीत. पावसाळ्यानंतर तेथील मातीतून हाडांचे तुकडे आणि कपड्यांच्या चिंध्या अजूनही वर येतात.

अशा जागी हात जोडून, सारे अनित्य आहे, असे पुटपुटून बसकडे परतणारा उपासक धम्माचे आचरण करीत नाही. अनित्यतेचा विचार हा मुख्यतः आपल्या स्वतःच्या देहाविषयी करावयाचा आहे. दुसऱ्याच्या खुनावर पांघरूण म्हणून तो घालता येणार नाही. भगवंतांनी कारणाशिवाय काही घडत नाही असेही शिकवले आहे. मग येथे प्रश्न विचारला पाहिजे तो कारणांचा. १९७३ पर्यंत अमेरिकेने त्या देशावर बॉम्ब का टाकले, शेतकऱ्यांच्या पोरांच्या हाती काठ्या कोणी दिल्या, शेजारच्या व दूरच्या राष्ट्रांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही. हे प्रश्न न विचारता केलेले ध्यान हे आळसाचे दुसरे नाव होय.

तुम्हाला हे कठोर वाटत असेल तर जवळचे उदाहरण घ्या. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला व दहा जणांचे प्राण गेले. दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे अभिवादनास जमतात. समजा, उद्या परदेशी प्रवाशांची एक बस तेथे थांबली. त्यातील एकाने मृतांच्या स्मारकासमोर स्वतःचा फोटो काढला, दुसऱ्याने डोळे मिटून सर्व काही क्षणभंगुर आहे असा सुस्कारा टाकला आणि तिसऱ्याने विचारले, गोळीबाराचा हुकूम कोणी दिला होता व पुढे त्याचे काय झाले? या तिघांपैकी कोणाला तुम्ही घरात बोलावून चहा द्याल? तेच माप परदेशात आपल्याला लावून घ्यावे.

फोटोंविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. तुओल स्लेंगच्या भिंतींवर कैद्यांचे शेकडो फोटो लावलेले आहेत. ते कोणी काढले? तुरुंगवाल्यांनीच. कैदी आला की त्याला बसवून फोटो काढायचा, नोंद करायची, मग छळ. त्या चेहऱ्यांवर जे दिसते ते मारणाऱ्याकडे पाहताना दिसलेले आहे. आपण त्यांच्याकडे पाहतो तेव्हा नकळत कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या जागी उभे असतो. २०२१ साली एका परदेशी कलाकाराने यांतील काही फोटोंना रंग दिले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू आणले. कंबोडियातून निषेध झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. पोलंडमधील ऑशविट्झच्या संग्रहालयात मारलेल्या स्त्रियांचे केस ज्या दालनात ठेवले आहेत तेथे फोटो काढण्यास बंदी आहे. तरीही २०१९ साली त्या संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली, की ज्या रुळांवरून कैद्यांच्या गाड्या आल्या त्यांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो कृपा करून काढू नका. माझे मत विचाराल तर अशा ठिकाणी फोन पिशवीतच राहू द्यावा. आठवणीसाठी वही चालेल.

स्तूपातल्या त्या कवट्या उघड्या ठेवाव्यात की नाही, हा खुद्द कंबोडियातच वादाचा विषय झालेला आहे. आपल्या परंपरेत अस्थी स्तूपाच्या पोटात बंद असतात. लोक स्तूपाला वंदन करतात, अस्थी पाहत नाहीत. चोएंग एकचा १९८८ साली बांधलेला स्तूप मात्र पारदर्शक आहे. राजे नरोदम सिहानूक यांनी या अस्थींना अग्नी द्यावा अशी मागणी केली होती. अंत्यसंस्कार न झालेल्याला शांती नाही, असे तेथील सामान्य माणूस मानतो. उलट बाजूने म्हटले गेले की हा पुरावा आहे, तो जाळला तर उद्या कोणीही म्हणेल असे काही घडलेच नाही. तुओल स्लेंगच्या प्रमुखाला न्यायालयाने दोषी ठरवले ते २०१० साली, म्हणजे राजवट पडल्यावर एकतीस वर्षांनी. तेव्हा पुराव्याची चिंता खोटी नव्हती. अस्थींचे राजकारण झाले हेही खरे.

आत्मा भटकतो ही कल्पना आपण सोडली आहे. तरी म्हणून मृतदेहाची अवहेलना चालेल असे होत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना सरणाची जागासुद्धा मागून घ्यावी लागली त्यांना हे सांगण्याची गरज नसावी. मला स्वतःला वाटते, अस्थी ठेवाव्यात, कारण कोणती कवटी कोणाची हे आता सांगता येत नाही आणि कोणालाही आपले माणूस वेगळे करून जाळता येणार नाही. पण हा निर्णय त्यांच्या आप्तांचा आहे, पाहुण्यांचा नाही. तेथे कंबोडियन लोक चपला काढून आत जातात, फुले आणि उदबत्ती वाहतात. आपण निदान तेवढे करावे. दरवर्षी २० मे रोजी तेथे स्मृतिदिन पाळला जातो व भिक्खू येतात. शक्य असेल तर त्या दिवशी जावे.

पैशाचाही प्रश्न आहे. २००५ साली चोएंग एकचा कारभार तीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे दिला गेला, तेव्हा मृतांच्या अस्थींवर धंदा चालल्याची टीका त्या देशातच झाली. ती मला रास्त वाटते. उलट, तुओल स्लेंगमधून जिवंत सुटलेल्यांपैकी एकदोघे पुढे अनेक वर्षे त्याच आवारात टेबल मांडून बसत व आपल्या आठवणींचे पुस्तक विकत. काही प्रवाशांना तेही खटकले. मला त्यात काही वावगे दिसत नाही. ज्याने सोसले तो आपली कथा आपल्या तोंडाने सांगून चार पैसे मिळवतो, यात लाजेचे काय आहे? सहा डिसेंबरला दादरला आपले लेखक-प्रकाशक पदपथावर पुस्तके मांडतात, त्यालाही शहरातले काही सुशिक्षित नाक मुरडतातच. त्यांना जत्रा दिसते. १९५६ साली बाबासाहेबांच्या सरणासमोर भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून प्रचंड जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली, हे त्यांना माहीत नसते. स्मशानात उभे राहून माणसे शोकाबरोबर एक निर्णय घेऊन परतली. संवेग या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ मला ठाऊक नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. लहान मुलांना अशा जागी नेऊ नये. ऑशविट्झच्या संग्रहालयाची सूचना चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये अशी आहे व ती शहाणपणाची वाटते. आपल्या घरी कोणी वारल्यास मात्र मुलांना दूर कोंडू नये. आजीचा चेहरा शेवटचा पाहू द्यावा, त्रिसरण-पंचशील म्हणताना जवळ बसवावे, स्मशान हे भूताचे घर नव्हे हे त्यांना तेथेच कळू द्यावे. स्वतःच्या माणसाचे मरण ज्याने शांतपणे पाहिले आहे, त्या मुलाला परक्याच्या कवटीशी खेळावेसे वाटणार नाही.

मोठ्या मुलांना कंबोडियाला नेणार असाल तर निघण्यापूर्वी घरी दोन संध्याकाळी बसून तेथे काय घडले ते सांगा. सहलीच्या वाटाड्यावर सोडू नका. त्या दिवशी दुपारचा बाजार वगळता आला तर वगळा. मुले प्रश्न विचारतील, तेव्हा मोठा झाल्यावर कळेल असे उत्तर देऊ नका. बहुतेक मुले पहिल्यांदा हेच विचारतील, की मारणारे कोण होते आणि कोणत्या धर्माचे होते. धम्म नव्याने स्वीकारलेल्या आईबापांना याचे उत्तर देणे जड जाईल, तरी ते द्यावे. त्यांपैकी बहुतेक जण बौद्ध घरांतच जन्मलेले होते.